काना गावच्या लग्नाचे ओवीकार : फादर थॉमस स्टीफन्स

विवाह हा पवित्र सभेच्या सात साक्रामेंतांपैकी एक, आणि आपल्या लोकांच्या लग्नमांडवास गाण्यावाचून शोभा नाही. हे गाणे देवाच्या स्तुतीचे असावे व तरीही आपल्याच बोलीत आणि आपल्याच चालीवर असावे, ही गोष्ट आज सोपी वाटते. तिचा पाया ज्यांनी घातला, त्या साधुशील पुरुषाचे चरित्र विचुंबे येथील आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगी वाचकांपुढे ठेवीत आहो.

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातील विल्टशायर प्रांतीचे. त्यांचा जन्म सुमारे 1549 साली झाला. त्या काळी इंग्लंडात कॅथोलिक श्रद्धेचा छळ चालू होता. स्टीफन्स रोमला गेले व 1575 साली येशूसंघात दाखल झाले. 1579 च्या एप्रिलात लिस्बनहून निघून त्याच वर्षी 24 ऑक्टोबर रोजी ते गोव्यास उतरले. मायदेश त्यांस पुन्हा दिसला नाही. पुढील चाळीस वर्षे त्यांनी बहुतेक साष्टी तालुक्यात मेंढपाळाचे काम केले व 1619 साली गोव्यातच देह ठेविला.

साष्टीत त्यांस एक उणीव दिसली. नव्या ख्रिस्ती कुटुंबांची जुनी पुराणे व कथाकीर्तने सुटली होती. परंतु त्यांच्या जागी घरी बसून म्हणावे असे काही हाती आले नव्हते. लोकांनी तशी मागणी केली, आणि फादरांनी ती मनावर घेतली. कोकणी शब्दांची जोड दिलेल्या मराठीत त्यांनी ख्रिस्तपुराण रचिले व ते 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे भाग दोन, ओव्या सुमारे अकरा हजार.

त्यांनी ओवीच का निवडली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्ञानेश्वर-एकनाथांचा हा छंद जात्यावरच्या व लग्नघरच्या बायकांच्याही ओठी होता. तीन चरणांस यमक आणि चौथा आखूड. त्यास ऑर्गन नको, गायकवृंद नको. चार माणसे ओटीवर बसली म्हणजे पुरे.

दुसऱ्या पुराणात प्रभूचे चरित्र आहे व त्यात काना गावचे लग्नही आहे. द्राक्षारस संपला, हे मरियामातेने ओळखले. सहा दगडी रांजण पाण्याने भरविले गेले, आणि प्रभूने आपले पहिले चिन्ह एका गृहस्थाच्या लग्नघरी दाखविले. यजमानाची लाज राखणारा हा प्रभू ज्या छंदात नवरानवरीची गाणी होत, त्याच छंदात लोकांस भेटला. विवाह पवित्र आहे, हे सांगण्यास याहून जवळची वाट कोणती?

तथापि पुढचा काळ कठीण आला. 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयाने लोकांस मातृभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढिला. 1736 साली तेथील इन्क्विझिशनने लग्नसमारंभात ओव्या गाण्यास मनाई केली. ज्या छंदात एका येशूसंघीय धर्मगुरूने ख्रिस्तचरित्र गाइले, तोच छंद ख्रिस्ती मांडवात अपराध ठरला! हे आम्ही दोष काढण्यासाठी लिहीत नाही. परंतु झाले ते झाकणेही आम्हांस योग्य वाटत नाही.

ख्रिस्तपुराणाच्या 1616, 1649 व 1654 च्या आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी हाताने उतरून ठेविलेल्या पोथ्यांनी ते तारिले. अशा पोथ्यांवरून 1907 साली मंगळुरास जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापिले, आणि 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यास देवनागरीत आणिले.

हुकूम गेले, ओवी राहिली. आमच्या धर्मग्रामात यापुढे जी लग्ने लागतील, त्यांत मिस्सानंतर घरच्या वडीलधाऱ्या बायांनी काना गावची कथा आपल्या चालीवर एकदा तरी म्हणावी, एवढीच आमची विनंती आहे. फादर स्टीफन्स यांचे याहून उचित स्मरण आम्हांस सुचत नाही.