पतंगाच्या गाडीचे मास्तर

लांबट फळीला चार चाकं लावलेला लाँगबोर्ड, किंवा पायात चाकांचे स्केट्स, आणि हातात छत्रीसारख्या पातळ कापडाचा मोठा पतंग. मोकळं डांबरी मैदान गाठायचं, पतंग वाऱ्यावर चढवायचा आणि त्याच्या ओढीनं सुसाट निघायचं. बर्लिनमधलं टेंपलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झालं. पुढे ते बाग म्हणून खुलं झालं आणि तिथल्या रुंद धावपट्ट्यांवर हा खेळ आता नेहमी दिसतो. त्याच्या चित्रफिती आपल्याकडच्या तरुणांच्या मोबाइलवरही पोचल्या आहेत. पाहताना वाटतं, हे अगदी आजचं वेड असणार. पण पक्क्या रस्त्यावर पतंगाला गाडी जोडून माणसं नेण्याचा उद्योग इंग्लंडमधल्या एका शाळामास्तरांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच केला होता. त्यांचं नाव जॉर्ज पोकॉक.

पोकॉक यांचा जन्म १७७४ चा, बर्कशायरमधल्या हंगरफर्ड या गावचा. पतंगाचा नाद लहानपणापासूनचा, पण काटाकाटीत त्यांना रस नव्हता. पतंग किती वजन ओढू शकतो, याचं त्यांना कुतूहल होतं. आधी दोरीला लहान दगड बांधून पाहिले, मग फळ्या, मग त्याहून जड ओझी. पुढे ब्रिस्टल शहरात त्यांनी मुलांची शाळा चालवली. तंबू ठोकून धर्मोपदेशही केला. भूगोल शिकवण्यासाठी हवा भरून फुगवायचा कागदी पृथ्वीगोल तयार केला. कागद, कापड आणि वारा यांतून काहीतरी उपयोगाचं घडवायचं, ही त्यांची आयुष्यभराची खोड होती.

तो काळ धाडसी प्रयोगांचा होता आणि ब्रिस्टलच्या परिसरात त्यांची कमतरता नव्हती. १७९६ मध्ये जवळच्याच बर्कली गावात एडवर्ड जेन्नर यांनी आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला गायीच्या देवीची लस टोचली. १७९९ च्या सुमारास ब्रिस्टलमध्येच तरुण हंफ्री डेव्ही वेगवेगळे वायू स्वतः हुंगून पाहत होते, आणि त्यातल्या एका विषारी वायूनं ते मरता मरता वाचले. प्रयोग कुणावर करावा, त्याची संमती कशी घ्यावी, याचे नियम तेव्हा नव्हते. ज्याच्या त्याच्या विवेकावर सगळं सोपवलेलं होतं.

पोकॉक यांनी प्रयोगासाठी निवडली स्वतःची मुलं. १८२४ मध्ये त्यांनी सुमारे ३० फुटांचा पतंग तयार केला, त्याच्या दोराला खुर्ची अडकवली आणि मुलगी मार्था हिला तीत बसवून जवळजवळ २७० फूट उंच चढवलं. म्हणजे पंचवीस मजली इमारतीची उंची. मार्था तेव्हा बारा वर्षांच्या आसपासची होती. त्याच वर्षी मुलाला ब्रिस्टलबाहेरच्या २०० फुटी कड्याच्या माथ्यावर पोचवलं. दोघंही सुखरूप खाली आले, म्हणून हे किस्से आजही कौतुकानं सांगितले जातात.

डॉक्टर म्हणून वाचताना मात्र मला धास्ती वाटते. वारा अचानक पडला असता, दोर तुटला असता किंवा पतंगानं गोता खाल्ला असता, तर त्या उंचीवरून वाचण्याची आशा जवळजवळ नव्हती. एखाद्या प्रयोगात कुणाला इजा झाली नाही, एवढ्यावरून तो प्रयोग सुरक्षित होता असं ठरत नाही. कधी कधी नशीब साथ देतं, इतकंच. हा फरक आम्हाला रोज अपघात विभागात पाहावा लागतो. हेल्मेटशिवाय वर्षानुवर्षं गाडी चालवलेली माणसं एका दिवशी तिथं येतात.

पोकॉक यांचं खरं मोठेपण मला त्यांच्या पुढच्या कामात दिसतं. आकाशातून ते रस्त्यावर आले. त्याला एक अनुकूल कारण होतं. १८१६ मध्ये जॉन मॅकॅडम यांची ब्रिस्टल परिसरातल्या टोलरस्त्यांचे प्रमुख पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाली होती. बारीक फोडलेल्या खडीचे थर दाबून घट्ट आणि निचऱ्याचा रस्ता बनवण्याची त्यांची पद्धत तिथूनच जगभर गेली. आपल्याकडे खडीकरण म्हणतात, त्याचं मूळ तिथलं. चिखलाच्या वाटेवर चाक रुतलं असतं, पण नव्या रस्त्यावर हलकी गाडी थोड्याशा ओढीनंही पळू लागली. आजचा लाँगबोर्डवाला डांबर शोधतो, तो याच कारणासाठी.

१८२६ मध्ये पोकॉक यांनी कर्नल जेम्स व्हाइनी यांच्यासोबत आपल्या रचनेचं पेटंट घेतलं. गाडीचं नाव ठेवलं शारव्होलाँ. पतंगासाठी असलेल्या फ्रेंच शब्दावर केलेली ही कोटी होती. तिचा अर्थ उडता रथ. एकाच दोरावर दोन पतंग असत. वरचा पतंग वाटाड्या, तो उंचावरचा स्थिर वारा पकडून ठेवी. खालचा मोठा पतंग ओढीचं काम करी. गाडीची पुढची चाकं दांड्यानं वळवता येत. वारा चांगला असला की काही प्रवाशांसह ही गाडी ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर वेगानं जाई. घोड्यांच्या त्या काळात हा वेग भलताच होता.

या रचनेतल्या दोन गोष्टी थांबून पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे ब्रेक. लोखंडी दांडा खाली दाबला की तो रस्त्यात रुतून गाडी अडवी. दुसरी त्याहून महत्त्वाची. पतंगाला एका दोरीऐवजी चार दोऱ्या होत्या. त्यांच्या साहाय्यानं पतंग डावीउजवीकडे वळवता येई, आणि त्याचा वाऱ्याशी असलेला कोन बदलून ओढ कमीही करता येई. आपल्याकडे कणी बांधताना पोरं पतंगाचा कल जमवतात. पोकॉक यांनी तो कल पतंग आकाशात असतानाच बदलायची सोय केली.

तिची गरज किती होती, हे साध्या हिशेबानं कळतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगाची ओढ चौपट होते. पाच चौरस मीटरचा पतंग धरला, तर ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात ओढ ढोबळमानानं सात-आठ किलोची असते. ताशी ३६ च्या वाऱ्यात ती ३० किलो होते. आणि ५४ च्या झोतात जवळजवळ ७० किलो, म्हणजे एका माणसाच्या वजनाएवढी. पतंग स्वतः आकाशात वेगानं फिरत असेल तर ओढ आणखी वाढते. घोडा दमतो, इंजिनाचा कोळसा बंद करता येतो. वारा मात्र आपल्या सांगण्यानं कमी होत नाही. म्हणून ओढ सोडून देण्याची सोय आधी हवी.

गाडीला काही काळ चांगली प्रसिद्धी मिळाली. १८२७ मध्ये पोकॉक यांनी या विद्येवर पुस्तक लिहिलं. १८२८ मध्ये अॅस्कॉट इथं राजे चौथे जॉर्ज यांच्यासमोर ती चालवून दाखवली. त्या काळी टोल घोड्यांच्या संख्येवर ठरे. या गाडीला घोडाच नसल्यानं नाकेदारांची पंचाईत झाली आणि ती फुकट सुटू लागली, असं सांगतात. एकदा तिनं ग्लॉस्टरच्या ड्यूकची बग्गी मागे टाकली. हा उद्धटपणा ठरेल म्हणून तिला थांबून ड्यूकना पुढं जाऊ द्यावं लागलं, हीही आख्यायिका आहे. पण ज्या दिशेनं वारा येतो तिकडं सरळ जाता येत नाही, आणि वारा पडला की प्रवासच थांबतो. १८४१ मध्ये लंडन ते ब्रिस्टल रेल्वे पूर्ण झाली. १८४३ मध्ये पोकॉक वारले. त्यांची गाडी विस्मरणात गेली.

खुर्चीत बसून आकाशात गेलेल्या मार्थानं पुढे हेन्री ग्रेस या डॉक्टरांशी लग्न केलं. त्यांना नऊ मुलं झाली. त्यातला एक म्हणजे क्रिकेटचा दाढीवाला महापुरुष, डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस. त्यांचा जन्म १८४८ चा, त्यामुळे आजोबांना हा नातू पाहता आला नाही. मुलांच्या क्रिकेटमध्ये मार्थाबाईंचं जातीनं लक्ष असे. ग्रेस स्वतः १८७९ मध्ये डॉक्टर झाले. १८८७ मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर चेंडूमागे धावणारा त्यांचा सहकारी सीमेवरच्या कठड्यावर आदळला आणि त्याच्या मानेत खोल जखम झाली. टाके घालण्याची सोय होईपर्यंत ग्रेस यांनी जखमेच्या कडा सुमारे अर्धा तास बोटांनी दाबून धरल्या. तो खेळाडू वाचला. वेगात धावणाऱ्या शरीराचं अचानक थांबणं किती महागात पडतं, हे या घराण्याला असंही पाहावं लागलं.

१९९० च्या सुमारास न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी पतंगानं ओढायची तीनचाकी गाडी लोकप्रिय केली आणि पोकॉक यांची कल्पना पुन्हा जमिनीवर धावू लागली. पाठोपाठ फळ्या आणि स्केट्सही आले. आजच्या अनेक पतंगांना चार दोऱ्या असतात, दोन ओढीच्या आणि दोन ब्रेकच्या. मनगटाला बांधलेले पट्टे ब्रेकच्या दोऱ्यांना जोडलेले असतात. मुठी हातातून सोडल्या की पट्टे त्या दोऱ्या ताणतात, पतंगातला वारा निघून जातो आणि तो खाली पडतो.

वाळूवर किंवा पाण्यावर पडल्यास धक्का थोडा शोषला जातो. डांबर काहीच शोषत नाही. पडताना माणूस हात पुढं टेकतो आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. डब्लिनचे सर्जन अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये वर्णन केलेलं हे फ्रॅक्चर स्केटिंग करणाऱ्या मुलांत आम्ही आजही पाहतो. डोक्याला मार बसला तर प्रसंग जिवावर बेततो. ताणलेली दोरी मान किंवा बोटं कापू शकते. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजानं चिरलेले गळे पाहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या घरातल्या कुणाला या खेळाची ओढ लागली, तर सरसकट नाही म्हणू नका. हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे संरक्षक आधी घ्या. सुरुवात लहान पतंगानं, मंद वाऱ्यात आणि नुसतं जमिनीवर उभं राहून करा. वाहनं, विजेच्या तारा आणि माणसं नसतील अशीच जागा निवडा. शिकवणारा असेल तर त्याला आधी विचारा, की जोराचा झोत आला तर हा पतंग सोडायचा कसा? ते दोन्ही हातांना डोळे मिटून जमेपर्यंत चाकांवर चढू देऊ नका. मार्था सुखरूप खाली आली, तो वाऱ्याचा भलेपणा होता. तिच्या वडिलांनी नंतर बनवलेल्या गाडीत बसणाऱ्यांना त्या भलेपणावर विसंबून राहावं लागलं नाही.