स्वेन हेडिन

स्वेन अँडर्स हेडिन (१९ फेब्रुवारी १८६५, स्टॉकहोम – २६ नोव्हेंबर १९५२, स्टॉकहोम) हे स्वीडिश भूगोलज्ञ, नकाशाकार, चित्रकार व प्रवासलेखक होते. मध्य आशिया व तिबेट या प्रदेशांत त्यांनी चार मोठ्या मोहिमा काढल्या. १९०७ च्या उन्हाळ्यात मानससरोवराच्या काठी तळ ठोकून त्यांनी त्या सरोवराची पद्धतशीर खोली मोजली. ब्रह्मपुत्रा व सिंधू या नद्यांच्या उगमांचा शोध आणि ट्रान्सहिमालय पर्वतरांगांचे आलेखन यांसाठीही ते ओळखले जातात. नाझी जर्मनीला दिलेल्या उघड पाठिंब्यामुळे त्यांची प्रतिष्ठा उत्तरायुष्यात डागाळली.

प्रारंभिक जीवन

हेडिन यांचे वडील स्टॉकहोममधील वास्तुविशारद होते. ईशान्य सागरी मार्ग पार करून आलेल्या नूर्डेन्शल्ड यांच्या वेगा जहाजाचे १८८० मध्ये स्टॉकहोममध्ये भव्य स्वागत झाले. पंधरा वर्षांच्या हेडिन यांनी तो सोहळा पाहिला आणि संशोधक होण्याचा निश्चय केला. १८८५ मध्ये खासगी शिक्षक म्हणून ते बाकू येथे गेले व तेथून त्यांनी इराणचा प्रवास केला. पुढे बर्लिनमध्ये फर्डिनांड फॉन रिख्टहोफेन या थोर भूगोलज्ञाचे शिष्यत्व त्यांना लाभले. १८९० मध्ये स्वीडिश शिष्टमंडळाबरोबर इराणला गेले असता त्यांनी दमावंद शिखर सर केले. १८९२ मध्ये हाले विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट प्रदान केली.

पामीर व तक्लामाकान (१८९३–१८९७)

पहिल्या मोहिमेत हेडिन यांनी ऐन हिवाळ्यात पामीरचे पठार ओलांडले. मार्च १८९४ मध्ये सुमारे ३,९०० मीटर उंचीवरील गोठलेल्या कराकुल सरोवरावर त्यांनी मुक्काम केला. बर्फाला भोके पाडून त्यांतून दोर सोडून त्यांनी खोली मोजली. ती सुमारे २३० मीटर भरली. त्याच वर्षी मुझताघ अता या शिखरावर चढण्याचे त्यांचे प्रयत्न अयशस्वी ठरले. शिखराच्या पायथ्याच्या लहान कराकुल सरोवरात त्यांनी कातड्याची ओबडधोबड होडी बनवून मोजणी केली. दुर्गम सरोवराच्या काठी तळ ठोकणे, होडी व दोर घेऊन पाण्यात उतरणे आणि सभोवतालच्या पर्वतांची रेखाचित्रे काढणे ही त्यांची कार्यपद्धती येथेच निश्चित झाली.

एप्रिल १८९५ मध्ये चार सहकारी व आठ उंट यांच्यासह ते तक्लामाकान वाळवंटात शिरले. पाण्याचा पुरेसा साठा घेतला न गेल्याने हा प्रवास प्राणघातक ठरला. दोन सहकारी व सात उंट मृत्युमुखी पडले. हेडिन कसेबसे खोतान नदीच्या पात्रातील एका डबक्यापर्यंत पोहोचले आणि मागे राहिलेल्या कासिम या सहकाऱ्यासाठी त्यांनी आपल्या बुटांत पाणी भरून नेले. कासिमचा जीव वाचला. तथापि या दुर्घटनेची नैतिक जबाबदारी हेडिन यांच्यावर येते, अशी टीका पुढे अनेकांनी केली.

लॉप नॉर व लौलान (१८९९–१९०२)

दुसऱ्या मोहिमेत त्यांनी तारीम नदीचा होडीतून प्रवास करून तिचा नकाशा तयार केला. मार्च १९०० मध्ये मागे विसरलेले फावडे आणण्यासाठी परतलेला वाटाड्या वादळात भरकटला आणि त्याला वाळूत गाडलेले अवशेष दिसले. हेच प्राचीन लौलान नगर होय. १९०१ मध्ये हेडिन यांनी तेथे उत्खनन केले. त्याच वर्षी यात्रेकरूच्या वेशात ल्हासाला पोहोचण्याचा त्यांचा प्रयत्न तिबेटी अधिकाऱ्यांनी रोखला. १९०२ मध्ये स्वीडनच्या राजाने त्यांना उमराव पद दिले. हा मान मिळालेले ते अखेरचे स्वीडिश नागरिक होत.

तिबेट (१९०५–१९०८)

१९०६ मध्ये हेडिन सिमल्याला आले. व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांची त्यांच्याविषयी सहानुभूती होती, परंतु लंडनमधील सरकारने भारतातून तिबेटमध्ये जाण्यास त्यांना परवानगी नाकारली. तेव्हा चिनी तुर्कस्तानला जात असल्याचे सांगून त्यांनी ऑगस्टमध्ये लेह सोडले व चांगथांगच्या निर्जन पठारावरून तिबेटमध्ये प्रवेश केला. हिवाळ्यातील या प्रवासात तांड्यातील बहुतेक जनावरे मेली. फेब्रुवारी १९०७ मध्ये ते शिगात्से येथे पोहोचले व ताशिल्हुन्पो मठात पंचेन लामांनी त्यांचे स्वागत केले. पश्चिमेकडे परतताना तांड्याचा अनुभवी प्रमुख मुहम्मद इसा याचे निधन झाले.

मानससरोवर

जुलै १९०७ मध्ये ब्रह्मपुत्रेचा उगम मानलेल्या कुबी त्सांगपोच्या हिमनदीला भेट देऊन हेडिन मानससरोवरावर आले. सुमारे ४,५९० मीटर उंचीवरील हे सरोवर हिंदू व बौद्ध या दोन्ही धर्मीयांना अत्यंत पवित्र आहे. त्याची परिक्रमा करणे व त्यात स्नान करणे ही यात्रेकरूंची परंपरा असली, तरी त्याच्या पाण्यावर होडी घालणे स्थानिक लोकांना अमंगल वाटत असे. सरोवरातील देवता होडी गिळून टाकील, असा इशारा त्यांनी हेडिन यांना दिला.

हेडिन यांच्याजवळ घडीची कापडी होडी होती. जुलैच्या अखेरीस शुकूर अली व रहीम अली या दोन सहकाऱ्यांना वल्ह्यांवर बसवून त्यांनी रात्रीच्या वेळी सरोवर ओलांडण्यास प्रारंभ केला. दिवसा उठणाऱ्या वाऱ्यापेक्षा रात्रीची शांतता सुरक्षित वाटल्याने ही वेळ निवडली होती. ठरावीक अंतरावर दोर सोडून खोली व पाण्याचे तापमान यांची नोंद केली जाई. सर्वाधिक खोली सुमारे ८२ मीटर आढळली. पुढील एका फेरीत अचानक वादळ उठले. मोठ्या प्रयासाने गोसुल मठाजवळचा किनारा गाठता आल्याने तिघांचे प्राण वाचले.

सुमारे महिनाभर तळ हलवत हेडिन सरोवराभोवती राहिले. काठावरील मठांना त्यांनी भेटी दिल्या, सरोवरास मिळणाऱ्या ओढ्यांचा प्रवाह मोजला आणि अनेक दृश्यचित्रे काढली. मानससरोवर व राक्षसताल यांना जोडणारा गंगा छू हा प्रवाह त्या वर्षी कोरडा होता. दोन्ही सरोवरांचा संबंध भूमिगत झिरपण्यातून टिकून राहतो व पावसाचे मान वाढले की प्रवाह पुन्हा वाहू लागतो, असे अनुमान त्यांनी मांडले.

सप्टेंबरमध्ये त्यांनी कैलास पर्वताची परिक्रमा केली. ती करणारे ते पहिले युरोपीय मानले जातात. त्याच महिन्यात ते सिंधूच्या उगमापर्यंत पोहोचले.

वाद

१९०९ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत त्यांच्या निष्कर्षांवर जोरदार चर्चा झाली. ट्रान्सहिमालय हे नाव व नद्यांच्या उगमांवरील दावे अनेक ब्रिटिश भूगोलज्ञांना मान्य नव्हते. मानससरोवर परिसरात दीर्घकाळ राहिलेले भारतीय संशोधक स्वामी प्रणवानंद यांनीही उगमांविषयीच्या त्यांच्या निष्कर्षांवर नंतर आक्षेप घेतले.

उत्तरायुष्य

पहिल्या महायुद्धात हेडिन यांनी जर्मनीची बाजू घेतल्याने १९१५ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांचे नाव सदस्यांतून काढून टाकले. १९२७ ते १९३५ या काळात त्यांनी चीन-स्वीडिश संयुक्त मोहिमेचे नेतृत्व केले. चिनी विद्वानांच्या आग्रहामुळे या मोहिमेत चिनी संशोधकांचा समावेश झाला. याच मोहिमेत फोल्के बर्गमान यांना हान काळातील सुमारे १०,००० लेखांकित लाकडी पट्ट्या सापडल्या.

पूर्वजांत ज्यू व्यक्ती असूनही हेडिन यांनी हिटलरच्या राजवटीचे समर्थन केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी भाषणही दिले. दुसऱ्या महायुद्धात मृत्युदंड झालेल्या काही नॉर्वेजियन व्यक्तींची शिक्षा आपल्या ओळखींच्या बळावर त्यांनी कमी करवून घेतली, परंतु नाझी राजवटीविषयीची आपली निष्ठा त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. ते आजन्म अविवाहित राहिले.

वारसा

ट्रान्स-हिमालया हे लोकप्रिय प्रवासवर्णन आणि सदर्न तिबेट हा अनेक खंडांचा शास्त्रीय ग्रंथ ही त्यांची प्रमुख पुस्तके होत. त्यांच्या राजकीय मतांमुळे स्वीडनमध्येही त्यांच्या कार्याचे मूल्यमापन दीर्घकाळ वादग्रस्त राहिले. त्यांच्या यशामागे लडाखी व मध्य आशियाई तांडेवाल्यांचे श्रम व प्राणत्याग होते, याची नोंद अलीकडील अभ्यासक आवर्जून घेतात. मानससरोवराची त्यांनी केलेली मोजणी मात्र त्या सरोवराच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभबिंदू ठरली.