रविवारची सुट्टी मागणारा कन्हेरसरचा माणूस : नारायण मेघाजी लोखंडे

राजगुरुनगर : रविवारी कारखान्याचा भोंगा वाजत नाही, ऑफिसला कुलूप असतं. ही सुट्टी आपल्याला कायमचीच वाटते. पण गिरणी कामगारांना ती मागून घ्यावी लागली. त्या मागणीचा अर्ज लिहिणारा माणूस मूळचा खेड तालुक्यातील कन्हेरसरचा. नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्यात झाला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण जास्त झालं नाही. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली. पुढे मुंबईच्या मांडवी भागातील गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी तिथे जवळून पाहिले.

दिवस उजाडला की काम सुरू, मावळला की बंद. आठवड्याची सुट्टी नाही. पगार वेळेवर हातात पडेल याची खात्री नाही. यंत्रात हात गेला तर माणूस घरी बसला, संपला विषय. कुरकुर सगळेच करायचे, पण ती गिरणीच्या दारातच विरून जायची. एकट्याने बोलावं तर नोकरी जाण्याची भीती.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते असलेले लोखंडे 1880 पासून ‘दीनबंधू’ हे वर्तमानपत्र चालवत होते. 1884 साली सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. लोखंडेंनी ही संधी सोडली नाही. सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या. गाऱ्हाण्यांची एकेक मागणी करून ती कागदावर उतरवली. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागच्या महिन्याचा पगार 15 तारखेपर्यंत आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. एकट्याला हाकलणं सोपं होतं, साडेपाच हजारांना नाही.

याच काळात ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी राहिली. तिला ना वर्गणी होती, ना फंड, ना लेखी नियम. तरी कामगारांचं म्हणणं मांडायला एक जागा झाली.

अर्ज दिला, पण लगेच काही हाती लागलं नाही. वर्षं गेली. लोखंडे मागे हटले नाहीत, पुन्हा अर्ज, पुन्हा सभा. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. यावेळी अर्ज थेट गिरणीमालकांच्या संघटनेकडे गेला. अखेर 10 जून 1890 रोजी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, 1891 च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली.

मुंबईत प्लेगची साथ आली. त्याच आजाराने 9 फेब्रुवारी 1897 रोजी लोखंडेंचं निधन झालं. वय जेमतेम 48-49. 2005 साली भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

आज मोठ्या कंपन्यांत तक्रार समिती असते, अर्जाला पोच मिळते. पण वीटभट्टीवर, ऊसतोडीला, रोजंदारीवर जाणाऱ्या कितीतरी माणसांचं गाऱ्हाणं अजून तोंडातच राहतं. ते कागदावर यावं, त्यावर सगळ्यांच्या सह्या व्हाव्यात आणि उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नये, ही वाट कन्हेरसरच्या या माणसाने 1884 सालीच दाखवून ठेवली आहे.