भूतपुरीची मूर्ती

श्रीरामानुजाचार्यांचा जन्म परंपरेनुसार 1017 मध्ये श्रीपेरुंबुदूर येथे झाला. संस्कृत ग्रंथांत या गावास भूतपुरी म्हणतात. कांचीपुरात अध्ययन व संन्यास आणि श्रीरंगम् येथे आचार्यपद, अशा क्रमाने त्यांचे आयुष्य जन्मग्रामाबाहेरच गेले. पुढे चोळ राजाच्या रोषामुळे त्यांना होयसळांच्या मुलखात जावे लागले. तेथे मेलकोटे येथे कन्नडभाषी शिष्यांमध्ये त्यांचे अध्यापन कित्येक वर्षे चालले. परतताना विरहाकुल शिष्यांसाठी त्यांनी आपली मूर्ती मागे ठेवली, असे सांप्रदायिक चरित्रे सांगतात.

उतारवयात त्यांचा मुक्काम श्रीरंगमलाच होता. तेव्हा मुदलियांडान या शिष्याचे पुत्र कंदाडै आंडान यांनी भूतपुरीसाठी त्यांची मूर्ती घडविली. आख्यायिका अशी की, तिकडे मूर्तीचे नेत्रोन्मीलन होत असता इकडे शिष्यांत बसलेल्या आचार्यांना एकाएकी ग्लानी आली आणि डोळ्यांतून रक्ताचे दोन थेंब ओघळले. भूतपुरीत काय घडले, हे त्यांनी तत्काळ ओळखले.

परंपरेनुसार 1137 मध्ये त्यांनी श्रीरंगमला देह ठेवला. एकशेवीस वर्षांच्या या आयुर्मानाविषयी अनेक अभ्यासक साशंक आहेत. ज्या मूर्तीने त्यांचे बळ हरण केले, तिलाच संप्रदायाने मात्र आचार्यांना स्वतःला प्रिय झालेला देह, ‘तान् उगंद तिरुमेनी’, हे नाव दिले. परमुलखात झिजलेल्या गुरूवरील जन्मभूमीचा हक्क त्या नावात मान्य झाला आहे.