बीए आणि एलएलबी दोन्ही कशाला? याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वी न्यायमूर्ती रानडेंनी दिलं होतं

बारावीचा निकाल लागला की बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या घरांत एक चर्चा हमखास रंगते. पोरगी म्हणते, मला लॉ करायचंय. मग सीईटीचा फॉर्म, पाच वर्षांचं बीए एलएलबी, छत्रपती संभाजीनगरला २०१७ साली सुरू झालेलं राष्ट्रीय विधी विद्यापीठ असं सगळं निघतं. आणि मग कोणीतरी काका विचारतातच, वकीलच व्हायचंय ना, मग कायदा शिक की सरळ. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यात वर्षं कशाला घालवायची?

काकांचा प्रश्न चुकीचा नाही. फक्त तो जुना आहे. ज्यांनी आपल्याकडे अगदी पहिल्यांदा या दोन्ही पदव्या घेतल्या, त्यांच्यात एक नाव होतं महादेव गोविंद रानडे. माणूस बीडचा नव्हता. पण त्यांनी आयुष्यातलं जे सगळ्यात किचकट काम केलं, ते बीडच्या शिवेपर्यंत आलं आणि तिथं थांबलं. का थांबलं ते पुढे येईलच.

रानडेंचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीला, त्यामुळं बालपण कोल्हापुरात गेलं. पोरगं इतकं अबोल की घरच्यांना त्याच्या बुद्धीचीच काळजी वाटायची. चौदा-पंधरा वर्षांचे असताना त्यांना मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये शिकायला पाठवलं.

टायमिंग बघा. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं स्थापन झाली. विद्यापीठ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कॅम्पस, कँटीन आणि वसतिगृह येतं. तेव्हा तसं काही नव्हतं. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ही फक्त परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी मंडळं होती, शिकवणं कॉलेजांकडे. मुंबई विद्यापीठानं १८५९ साली पहिली मॅट्रिक घेतली, त्यात रानडे पास झाले. १८६२ साली बीएचा पहिला निकाल लागला तेव्हा पदवी मिळालेले होते फक्त चार जण. रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. सबंध मुंबई इलाख्यातून चार.

रानडे तिथं थांबले नाहीत. इतिहास आणि अर्थशास्त्र हे त्यांचे जीव की प्राण असलेले विषय. १८६४ ला एमए केलं आणि १८६६ ला एलएलबी. आज जे एका प्रवेशात पाच वर्षांत होतं, ते त्यांनी तुकड्या तुकड्यांनी केलं, तेही स्वतः शिकवत शिकवत. त्यांना दक्षिणा फेलोशिप होती. ही दक्षिणा म्हणजे पेशवाईत विद्वानांना जी वाटली जायची तीच. इंग्रजांनी त्या पैशाचा काही भाग नव्या शिक्षणाकडे वळवला होता. थोडक्यात, पेशव्यांच्या दक्षिणेवर एक तरुण इंग्रजी इतिहास आणि अर्थशास्त्र शिकत होता.

याच काळातला एक किस्सा त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. रानडेंनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि माप मराठ्यांच्या बाजूनं झुकवलं. कॉलेजचे प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांचा रानडेंवर जीव होता, पण हे काही त्यांना रुचलं नाही. काही महिने शिष्यवृत्ती बंद झाली. रानडेंनी ग्रँट यांच्याविषयीचा आदर सोडला नाही आणि मतही सोडलं नाही. पुढं १९०० साली त्यांनी मराठी सत्तेच्या उदयावर अख्खं पुस्तकच लिहिलं.

या अभ्यासाची किंमतही मोजावी लागली. वाचून वाचून डोळे इतके बिघडले की तो त्रास जन्मभर राहिला, आणि पुढे कितीतरी पुस्तकं, कागदपत्रं त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेऊन ऐकली. पदवीधर तरुण लवकर का मरतात, हा प्रश्न त्यांनी नंतर जाहीरपणे मांडला. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखा माणूस वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेलेला त्यांनी पाहिला होता. रात्र रात्र जागून अभ्यास करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

दोन्ही पदव्या हातात आल्यावर तरी गडी सुसाट सुटला असेल असं वाटतं. तसंही नाही. सरकारी भाषांतरकाराचं काम, अक्कलकोट संस्थानात कारभारी, कोल्हापुरात न्यायाधीश आणि मग १८६८ पासून पुन्हा एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी आणि इतिहास शिकवणं. १८७१ साली ते पुण्यात न्यायाधीश म्हणून आले, तेव्हा कुठे कायद्याची गाडी रुळावर आली. म्हणजे एलएलबी झाल्यानंतरही पाच वर्षांतला मोठा काळ त्यांचं पोट बीए-एमएनंच भरलं.

आता मुद्द्याचं.

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हातानं कर्ज दिलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकार वसुलीला उठले. त्यात सरकारनं शेतसारा वाढवला. आणखी एक पेच होता. मुदतीच्या कायद्यामुळं जुना कर्जरोखा ठरावीक वर्षांनंतर कोर्टात चालेना. मग सावकार जुन्या रोख्यावरचं व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा करून घ्यायचा. कुणबी अंगठा द्यायचा. वीस रुपयांचं कर्ज असंच फुगत फुगत शंभरावर जायचं आणि कोर्टापुढं शेवटचा कागदच यायचा. कागद खरा, अंगठा खरा, मग हुकूमनामा सावकाराच्या बाजूनं. कायद्यानं बघितलं तर सगळं रीतसर होतं!

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात याचा स्फोट झाला. लोकांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे काढून पेटवून दिले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. लोकांनी मुख्यतः कागद जाळले, यातच सगळं आलं. त्यापाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं तेव्हा गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढं मांडली, तिच्यामागं रानडेंचंच डोकं होतं. सरकारला हा न्यायाधीश संशयास्पद वाटू लागला. त्यांची बदली नाशिकला झाली, मग १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं तेव्हा धुळ्याला.

त्याच १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट अशी की न्यायाधीशानं समोरचा रोखा पाहून थांबायचं नाही. व्यवहार पहिल्यांदा कधी झाला, मुद्दल किती होतं, फेड किती झाली, व्याज कसं चढलं, हा सगळा इतिहास उकरून काढायचा आणि मग निकाल द्यायचा. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. कोर्टाच्या आधी समेट घडवायला लवादासारखी माणसं नेमली गेली.

कायदा लिहिणं सोपं. पण कोर्टात बसलेल्या माणसाला जमाखर्चाच्या मागचा माणूस दिसला पाहिजे ना. खालच्या न्यायाधीशांचं काम तपासायला डॉ. पोलन नावाचे विशेष न्यायाधीश होते आणि १८८१ साली त्यांच्या हाताखाली रानडेंची नेमणूक झाली. कालपर्यंत ज्यांच्यावर संशय होता, तेच! पुढे पोलन यांच्या जागी ते स्वतः आले आणि १८९३ पर्यंत त्या कामावर राहिले. तालुक्या तालुक्याला दौरे, मुक्काम, खटल्यांची कागदपत्रं तपासणं. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या दौऱ्यांविषयी लिहिलंय, मिळालं तर वाचाच. एलएलबीनं त्यांना हुकूमनामा कसा तपासायचा ते शिकवलं होतं. पण कापसाचा भाव, साऱ्याची फेरआकारणी, दुष्काळ आणि एका कुणब्याचा अंगठा यांची गाठ कुठं बसलीय, हे कायद्याच्या पुस्तकात नव्हतं. ते त्यांनी बीए-एमएला शिकलेल्या विषयांमधून आलं होतं. इंग्लंडमधल्या अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे त्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात मांडलं. त्यामागे ही सगळी वर्षं होती, असं मला वाटतं.

कायद्यानं सगळं आलबेल झालं असंही नाही. सावकारांनी पळवाटा शोधल्या. कर्जरोख्याऐवजी सरळ जमिनीचं खरेदीखतच लिहून घ्यायचं, तोंडी मात्र पैसे फेडले की जमीन परत असं सांगायचं. आजही असली खरेदीखतं कोर्टात येतात, हे वकिली करणारा कोणीही सांगेल.

आणि बीड? बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. नगर जिल्हा आणि आष्टी तालुका यांच्यामधून सीना वाहते. नदीच्या एका काठाच्या शेतकऱ्याला हा कायदा लागू, दुसऱ्या काठाच्या शेतकऱ्याला नाही. दुष्काळ तोच, भाषा तीच, राज्य वेगळं. रानडेंचा दौरा तिथून मागं फिरायचा. आज त्याच भागातली जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि ती उचल कशी फिटते किंवा फिटत नाही हे बीडच्या पोरांना वेगळं सांगायला नको. लॉ करणाऱ्या पोरीला इतिहास आणि अर्थशास्त्र कशाला, या काकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

रानडेंची एक बाजू झाकू नये. विधवाविवाहाची बाजू उचलून धरणाऱ्या या माणसाची पहिली पत्नी १८७३ साली वारली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढं मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्यावरून तेव्हा टीका झाली आणि ती रास्तच होती. ती मुलगी म्हणजेच रमाबाई. त्यांना रानडेंनी शिकवलं आणि त्यांनी पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं, हा त्याच गोष्टीचा पुढचा भाग.

१८९३ साली तेलंगांच्या मृत्यूनंतर रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्यांनी शेवटची वर्षं ज्या एका गोष्टीसाठी खर्ची घातली ती कोर्टाबाहेरची होती. त्यांनी सगळं शिक्षण इंग्रजीत घेतलं होतं आणि विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा जवळपास हद्दपार होत्या. विद्यापीठाच्या कारभारात बसून त्यांनी मराठी आत आणण्यासाठी चिकाटीनं खटपट केली. एमएच्या परीक्षेत देशी भाषांना जागा मिळाली ती अगदी त्यांच्या अखेरच्या काळात. १६ जानेवारी १९०१ ला ते गेले, साठीही न गाठता.

बीडकरांच्या वाट्याला आलेलं पहिलं विद्यापीठ १९१८ सालचं, हैदराबादचं उस्मानिया. तिथं शिकवण्याची भाषा होती उर्दू. १९४८ ला निजामाचं राज्य गेलं आणि मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला उभं राहिलं.