हातातला कॅमेरा

सन १८९३. फेब्रुवारीची २२ तारीख. न्यूयॉर्क शहरावर हिमवादळ कोसळले होते. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू या श्रीमंतांच्या रस्त्यावर एकोणतीस वर्षांचा एक तरुण हातात लहानशी पेटी धरून उभा होता. एक तास गेला, दोन गेले, तीन गेले. अखेर बर्फाचा पडदा फाडीत एक घोडागाडी समोरून येताना दिसली. गाडीवानाने चाबूक उगारला आणि त्याच क्षणी तरुणाने पेटीचा खटका दाबला.

हा तरुण म्हणजे अल्फ्रेड स्टीग्लिट्झ. छायाचित्रणाला कलेचा दर्जा मिळावा म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत त्याचे नाव अगदी पहिल्या ओळीत घ्यावे लागते. त्याच्या सर्व कार्याचा आढावा येथे घ्यायचा नाही. कालपरवापर्यंत तो ज्या पेटीला तुच्छ लेखत होता, ती त्याच्या हातात कशी आली आणि पुढे त्याने ती बाजूला का ठेवली, एवढेच पाहायचे आहे.

स्टीग्लिट्झचा जन्म १ जानेवारी १८६४ रोजी न्यूयॉर्कसमोरच्या होबोकेन गावी झाला. वडील जर्मनीतून आलेले, लोकरीच्या व्यापारात चांगले स्थिरावलेले. मुलांना उत्तम शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी व्यापारातून अंग काढून घेतले आणि १८८१ मध्ये सारे बिऱ्हाड युरोपात हलवले. अल्फ्रेड बर्लिनला यंत्रशास्त्र शिकू लागला, पण मन रमले ते फोगेल या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत. हा फोगेल प्रकाशरसायनाचा मोठा जाणकार होता. निळ्याखेरीज इतर रंगांना जवळजवळ आंधळी असलेली छायाचित्राची काच हिरवा-पिवळा रंगही टिपू शकते, हा शोध त्याचाच. अशा गुरूच्या हाताखाली शिष्यालाही चिकाटीची सवय लागली. अंधाऱ्या तळघरातील एका यंत्राचे चित्र आपण चोवीस तास काच उघडी ठेवून घेतले होते, असे तो पुढे अभिमानाने सांगत असे.

या शिक्षणात कॅमेरा म्हणजे तीन पायांच्या स्टँडवर ठेवायचा जड पेटारा. डोक्यावर काळे कापड घ्यायचे, दुधी काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा न्याहाळायची, मग एकेक काच चढवायची. (आपल्याकडील जुन्या स्टुडिओत ज्यांनी लग्नाचा फोटो काढून घेतला असेल, त्यांना हे दृश्य आठवेल.) १८८७ मध्ये लंडनच्या एका छायाचित्रण-पत्रिकेच्या स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले, ते असल्याच साधनसामग्रीच्या जोरावर. पुढच्याच वर्षी ईस्टमनचा कोडॅक बाजारात आला. शंभर चित्रांची गुंडाळी आत भरलेली असे. ती संपली की सबंध पेटीच कारखान्यात पाठवायची, धुणे-छापणे तेथले लोक करीत. हौशी प्रवाशांनी तो डोक्यावर घेतला. स्टीग्लिट्झच्या मते मात्र हातात धरायचा कॅमेरा हे पोरासोरांचे खेळणे होते, आणि हा तिटकारा अगदीच अनाठायी होता असे म्हणता येत नाही.

मग हे मन पालटले कसे? मला वाटते, याचे कारण यंत्रात शोधून सापडणार नाही. १८९० मध्ये बहिणीच्या मृत्यूनंतर त्याला अमेरिकेत परतावे लागले. वडिलांनी ब्लॉक बनवण्याच्या एका कारखान्यात पैसे घातले आणि मुलाला त्यात गुंतवले. धंद्यात त्याचा जीव रमेना. बर्लिनच्या आठवणीने व्याकूळ झालेला हा तरुण न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून एकटाच भटकू लागला. भटकताना दिसत होते ते सारे हलते होते. वाफाळलेल्या घोड्यांना पाणी पाजणारा ट्रामचा गाडीवान, चिखल-बर्फातून वाट काढणारी माणसे. स्टँड उभा करीपर्यंत घोडे निघून जात, आणि काळे कापड डोक्यावर घ्यावे तर बघ्यांची गर्दी जमायची! अखेर १८९२ च्या सुमारास, चार बाय पाच इंची काचेचा हातकॅमेरा त्याने उचललाच.

पण पेटी बदलली तरी सवय बदलली नाही. हिमवादळातले तीन तास हेच सांगतात. ती काच धुऊन त्याने क्लबातल्या मित्रांना दाखवली, तेव्हा त्यांनी ती फेकून देण्याचा सल्ला दिला. चित्र अस्पष्ट होते, करड्या रंगाचे होते. त्याने ते मानले नाही. आडव्या काचेच्या कडा कापून त्याने मधला भाग मोठा केला आणि ते चित्र उभे झाले. ‘फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील हिवाळा’ म्हणून आज जे छापले जाते ते हे. १८९७ मध्ये हातकॅमेऱ्याचा कैवार घेणारा लेखच त्याने लिहिला. आधी जागा निवडावी, रेषा आणि प्रकाश यांचा अभ्यास करावा, आणि मग सारे जुळून येईल त्या क्षणाची वाट पाहावी, असे त्याने त्यात मांडले. कोडॅकवाल्यांशी त्याचे भांडण मिटले नव्हतेच. शस्त्र मात्र त्यांचे घेतले होते.

त्यानंतर ‘फोटो-सेसेशन’ मंडळ, १९०३ पासूनचे ‘कॅमेरा वर्क’ हे देखणे नियतकालिक, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील २९१ क्रमांकाचे चित्रदालन, तेथे अमेरिकेला झालेले मातीस आणि पिकासो यांचे दर्शन, या गोष्टी कलेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. १९०७ मधले ‘स्टीअरेज’ हे चित्रही हातकॅमेऱ्याचेच. पहिल्या वर्गाच्या डेकवरून त्याला खाली दाटीने उभे असलेले गरीब उतारू दिसले. तो केबिनकडे धावला. ग्राफ्लेक्स कॅमेऱ्यात वापरण्यासारखी एकच काच शिल्लक होती. परत येईपर्यंत ती माणसे हलली असती तर? ती हलली नव्हती. जाता जाता सांगायला हवे, हे चित्र अमेरिकेत येणाऱ्या निर्वासितांचे म्हणून पुष्कळदा दाखवले जाते. प्रत्यक्षात ती बोट अमेरिकेतून युरोपला निघालेली होती.

एवढ्या यशानंतर त्याच पेटीला तो चिकटून राहील असे वाटावे. पण १९१७ मध्ये जॉर्जिया ओकीफ या तरुण चित्रकर्तीची छायाचित्रे घेण्यास त्याने सुरुवात केली आणि आठ बाय दहा इंची काचेचा जड कॅमेरा पुन्हा स्टँडवर चढला. एकेका चित्रासाठी तिला तीन-चार मिनिटे निश्चल राहावे लागे. चेहरा, मान, आणि विशेषतः हात. पुढील वीस वर्षांत अशी तीनशेहून अधिक चित्रे झाली. घरी पत्नी एमी आणि मुलगी किटी होत्या. तो संसार या काळात मोडला, आणि १९२४ मध्ये त्याने जॉर्जियाशी विवाह केला. या चित्रांकडे पाहताना मागे राहिलेल्या दोघींचा विसर पडू नये, असे मला वाटते.

त्याच्या चित्रांचे सामर्थ्य समोरच्या व्यक्तीवर तो टाकीत असलेल्या मोहिनीत आहे, असे एका लेखकाने सुचवले. हे त्याच्या जिव्हारी लागले. ढगांवर कोणाची मोहिनी चालणार? १९२२ मध्ये लेक जॉर्ज येथील घरी त्याने आकाशाची चित्रे घेण्यास आरंभ केला. पहिली दहा त्या जड कॅमेऱ्यावरच घेतली. पण पेटारा आकाशाकडे वळवून स्थिर करीपर्यंत ढगाचा आकार बदलून जाई. दुसऱ्या वर्षी ग्राफ्लेक्स पुन्हा हातात आला. क्षितिज नाही, झाड नाही, वर-खाली काही नाही, अशी ही लहान चित्रे त्याने पुढे ‘इक्विव्हॅलंट्स’ या नावाने दाखवली.

त्याच सुमाराची एक गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे. भारतीय कलेचे थोर अभ्यासक आनंद कुमारस्वामी तेव्हा बॉस्टनच्या कलासंग्रहालयात होते. त्यांच्या खटपटीने १९२४ मध्ये त्या संग्रहालयाने स्टीग्लिट्झची २७ छायाचित्रे स्वीकारली. चित्रे-शिल्पे यांच्याबरोबर छायाचित्रांनाही त्या वास्तूत जागा मिळाली.

१९२९ मध्ये मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरील एका उंच इमारतीच्या सतराव्या मजल्यावर त्याने शेवटचे दालन उघडले. हृदयविकार जडलेला होता. हिमवादळात उभे राहण्याचे दिवस केव्हाच गेले होते. जड कॅमेरा आता खिडकीशी उभा असे आणि समोर वाढत जाणाऱ्या इमारतींवरून सावली सरकण्याची तो वाट पाही. १९३७ मध्ये त्याने तोही बाजूला ठेवला. १३ जुलै १९४६ रोजी तो वारला. जॉर्जियाने त्याची रक्षा लेक जॉर्जच्या काठी नेली आणि पुढची तीन वर्षे त्याच्या संग्रहाची वाटणी करण्यात घालवली.