नीरेतलं पोषण शोधणाऱ्या कमला सोहोनी

वसई-विरारच्या पट्ट्यात पहाटे ताडावरून उतरवलेली नीरा गोड असते. ऊन चढलं की यीस्ट आणि जिवाणूंची एन्झाइम्स तिच्यातली साखर फोडतात आणि तिची ताडी होते. आंबण्यापूर्वीच्या ताज्या नीरेत काय दडलंय, हे प्रयोगशाळेत तपासलं कमला सोहोनी यांनी.

१९११ साली इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. तरीही केवळ मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला. कमलाबाई अडून बसल्या. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. त्यांचं काम पाहून रामन यांनी पुढे मुलींना दार उघडलं.

केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना, पेशींच्या श्वसनाला लागणारं 'सायटोक्रोम सी' वनस्पतींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली.

मायदेशी परतल्यावर पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेवर संशोधन केलं. तिच्यात क जीवनसत्त्व आणि लोह आढळलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर महिलांना नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

१९९८ मध्ये त्यांचं निधन झालं. गरिबाला परवडेल असं पोषण दारातल्या झाडावरही मिळू शकतं, हे त्यांनी सिद्ध करून दाखवलं. फक्त ती नीरा आंबण्याआधी प्यायला हवी!